हरळीची शेती

शेतात हरळी शिरली की शेतकऱ्याची झोप उडते, हे खानदेशात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. काळ्या जमिनीत तिची मुळे हात-हात खोल जातात. नांगरट करा, वेचून बांधावर ढीग लावा, तो ढीग जाळा; पुढच्या मृगात ती पुन्हा हजर. आमच्या बोदवडकडे वाटणीला आलेल्या शेताची किंमत करताना जाणती माणसे आधी विहीर पाहत आणि मग हरळी पाहत. मी मात्र आयुष्यातील सव्वीस वर्षे हीच हरळी लावण्यात, तिला पाणी पाजण्यात आणि तिच्यावर आपले पोट भरण्यात घालवली. वनस्पतिशास्त्रात तिला सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात, गोल्फच्या जगात ती बर्म्युडा गवत या नावाने मिरवते. शेजारच्या हिंदू घरांत गणपतीला वाहिली की तिचीच दूर्वा होते.

मी गोल्फ कधी खेळलो नाही. गोल्फची मैदाने आखणाऱ्या वास्तुकारांच्या हाताखाली मी मोजणीचे, नकाशांचे आणि पाण्याचा निचरा साधण्याचे काम केले. ‘गोल्फ कोर्स आर्किटेक्ट’ हा व्यवसाय आपल्या लोकांना इतका अपरिचित आहे की, भुसावळला रविवारच्या मिस्सानंतर कुणी विचारपूस केली तर उत्तर देताना माझी पंचाईत होई. “म्हणजे क्लबाच्या इमारती बांधता का?” हा ठरलेला प्रश्न. इमारतीशी या वास्तुकाराचा काही संबंध नसतो. तो जमीन घडवतो. सव्वाचार इंच व्यासाची अठरा भोके, प्रत्येकाभोवती मखमलीसारखी कापलेली हिरवळ म्हणजे ग्रीन, जिथून पहिला टोला मारायचा तो टी, या दोहोंच्या मधला लांबच लांब गवताळ पट्टा म्हणजे फेअरवे, आणि चेंडूला अडवण्यासाठी वाळूचे खड्डे, ज्यांना बंकर म्हणतात. एवढ्या साहित्यासाठी दीडशे एकरांच्या आसपास जमीन लागते. कोणते भोक कुठे असावे, चढ कुठे ठेवावा, उतार कुठे काढावा, पहिल्या भोकापासून निघालेला माणूस अठराव्या भोकाशी येताना पुन्हा क्लबाच्या दारात कसा यावा आणि सायंकाळच्या शेवटच्या टोल्याला मावळता सूर्य त्याच्या डोळ्यांत कसा जाऊ नये, हे सारे ठरवणारा तो वास्तुकार.

या व्यवसायाला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नावही नव्हते. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज येथील जुने मैदान कुणी एकाने आखलेले नाही. समुद्रकाठचे वाळवंट, त्यावर चरणारी मेंढरे, पिढ्यान्‌पिढ्या खेळणारी माणसे यांनी ते हळूहळू घडवले. तिथे एके काळी बावीस टप्प्यांचा खेळ होता. १७६४ साली ते अठरा केले गेले आणि पुढे साऱ्या जगाने तोच आकडा उचलला. पुढे टॉम मॉरिससारखे लोक आले. हा गृहस्थ काठ्या आणि चेंडू बनवी, मैदानाची राखण करी, आणि कुणी बोलावले तर गावोगाव जाऊन नव्या मैदानाच्या खुणा रोवून देई. डोनाल्ड रॉस हा डॉर्नॉक गावचा, मुळात सुतारकाम शिकलेला. १८९९ साली तो अमेरिकेत गेला आणि १९४८ मध्ये वारला तेव्हा त्याच्या नावावर सुमारे चारशे मैदाने होती. सुतार, माळी, कारागीर या वर्गातून हा व्यवसाय वर आला. सूट घालून नकाशा उलगडणाऱ्या साहेबांच्या घोळक्यात उभे राहताना ही गोष्ट मला नेहमी धीर देई.

डॉ. ॲलिस्टर मॅकेंझीची हकिकत मात्र निराळी. हा व्यवसायाने डॉक्टर. बोअर युद्धात शल्यचिकित्सक म्हणून गेला असता त्याने पाहिले, की बोअर शेतकरी आपले खंदक जमिनीच्या चढउतारांत असे बेमालूम लपवतात की समोरच्या सैन्याला ते दिसतच नाहीत. शत्रूपासून लपण्याची ही विद्या त्याने पुढे मैदानांत उलटी वापरली; मानवी हाताने केलेले काम निसर्गाचेच वाटावे, यावर त्याचा सारा भर. पहिल्या महायुद्धात त्याने सैन्याला हीच विद्या शिकवली. बॉबी जोन्स या खेळाडूबरोबर त्याने अमेरिकेत ऑगस्टा येथील जगप्रसिद्ध मैदान आखले. पण १९३४ च्या जानेवारीत तो वारला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये तिथे भरलेली पहिली मोठी स्पर्धा पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. माणसाने माणूस मारण्यासाठी शोधलेली युक्ती एका डॉक्टरने खेळासाठी राबवावी, हे मला आजही विलक्षण वाटते.

या कामासाठी ठरवून शिक्षण घेणारा पहिला माणूस बहुधा रॉबर्ट ट्रेंट जोन्स. कॉर्नेल विद्यापीठात असा अभ्यासक्रम नव्हता. त्याने आपला आपणच जुळवला. थोडे उद्यानशास्त्र, थोडे शेतीशास्त्र, मोजणी, जलशास्त्र, अर्थशास्त्र, आणि वर वक्तृत्वही! मला हे प्रथम कळले तेव्हा हसू आले होते. पुढे मालकांसमोर चाललेल्या बैठका पाहिल्या आणि वक्तृत्व त्याने का घेतले असेल ते उमगले. त्याच्या मुलाने, म्हणजे धाकट्या ट्रेंट जोन्सने, श्रीनगरला जबरवान डोंगराच्या पायथ्याशी आखलेले मैदान २००१ मध्ये खुले झाले.

आपल्या देशात गोल्फ इंग्रजांबरोबर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईत चेंबूरचे मैदान १९२७ चे. पण मैदानाची आखणी हा स्वतंत्र विचार म्हणून आपल्याकडे रुजवण्यात पीटर थॉमसन या ऑस्ट्रेलियन माणसाचा वाटा मोठा आहे. ब्रिटिश ओपन ही स्पर्धा त्याने पाच वेळा जिंकली, आणि १९६४ मध्ये भारतीय ओपन सुरू झाली तेव्हा तिचे पहिले विजेतेपदही त्यानेच मिळवले. दिल्लीचे मैदान लोदी आणि मोगल काळातील थडग्यांमधून, काटेरी झाडीतून जाते. ते त्याने १९७६-७७ च्या सुमारास नव्याने आखून दिले. चेंडू आकाशातून उडवण्यापेक्षा जमिनीवरून घरंगळत न्यावा, जमिनीशी खेळाडूची ओळख व्हावी, असा त्याचा आग्रह असे. २०१८ साली तो गेला. त्याच दिल्लीच्या मैदानावर १९९१ साली अली शेर नावाच्या तरुणाने भारतीय ओपन जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू, आणि त्याची सुरुवात इतरांच्या काठ्या वाहणारा कॅडी म्हणून झालेली. असो.

माझी सुरुवात मात्र दगडापासून झाली. १९७२ च्या दुष्काळात मी चौदा वर्षांचा होतो. माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. लाल मायलोच्या भाकरीची आणि सुकडीची चव त्या काळी ज्याने घेतली, त्याला ती विसरता येत नाही. पुढे स्थापत्याची पदविका घेतली आणि रोजगार हमीच्या कामांवर लागलो. डम्पी लेव्हल लावायची, समोरच्या गड्याने पट्टी धरायची, उंची टिपायची आणि संध्याकाळी समपातळी रेषा काढायच्या. पाझर तलाव, नालाबांध, समतल चर. पाणी पळत असेल तर त्याला चालायला लावायचे आणि चालत असेल तर थांबवायचे, एवढेच त्या कामाचे सार. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जळगावकडे ठिबक सिंचनाने जोर धरला. भवरलाल जैन यांचे नाव त्या संदर्भात सर्वांना ठाऊक आहे. मीही एका कंत्राटदाराकडे नळ्या आणि तुषार संच बसवण्याच्या कामात शिरलो. केळीच्या बागांतून हिंडता हिंडता १९९४ मध्ये त्याच कंत्राटदाराने मला पुण्याकडे एका नव्या मैदानावर पाठवले. उदारीकरणानंतरचे ते दिवस. शहराबाहेर माळरानांवर कुंपणे पडत होती आणि प्रत्येक कुंपणाच्या आत कुणाला तरी गोल्फ हवा होता.

तिथल्या वास्तुकार साहेबांनी पहिले तीन दिवस कागदाला हात लावला नाही. सकाळी सहाला निघत, दुपारपर्यंत जमीन तुडवत. चौथ्या दिवशी मला विचारले, “पावसाळ्यात पाणी कुठून येते?” मी त्यांना उंबराची आणि निरगुडीची झाडे दाखवली. नकाशात नसलेला एक ओहोळ त्या झाडांच्या रांगेने चालला होता. त्या दिवसापासून मी नळ्या जोडणारा राहिलो नाही. साहेबांच्या मागे वही घेऊन चालणारा झालो.

बाहेरून सारी कला हिरवळीत दिसते, पण खरे काम हिरवळीच्या खाली असते. ग्रीन कशी बांधावी याचे एक प्रमाण अमेरिकन गोल्फ संघटनेने १९६० साली ठरवून दिले. तळाशी निचऱ्याच्या नळ्या, त्यावर चार इंच बारीक खडी, त्यावर बारा इंच मुख्यतः वाळूचा थर, आणि त्यावर गवत. गंमत अशी, की वाळूतले पाणी खडीत सहजासहजी उतरत नाही. दोन थरांच्या सीमेवर ते अडकून राहते आणि मुळांना ओल मिळते. पाऊस जास्त झाला की मात्र भार सहन न होऊन ते झपाट्याने खाली निघून जाते. एखाद्या शहाण्या घागरीसारखे हे वागणे! आमच्या काळ्या जमिनीचा स्वभाव याच्या नेमका उलट. पावसाळ्यात ती फुगते, पाणी धरून बसते, पाय घोट्यापर्यंत रुततो. उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दख्खनमध्ये जो परदेशी वास्तुकार ही जमीन ओळखत नाही, त्याची सुबक वळणे दोन पावसाळ्यांत वाकडी होतात. असे नकाशे आले की मी त्यांवर पेन्सिलीने एक छोटीशी फुली करून ठेवी. काही साहेब विचारीत, काही विचारीत नसत.

आणि हरळी. मैदानांवर लावली जाते ती संकरित हरळी. आपली हरळी आणि तिची एक आफ्रिकन बहीण यांच्या संकरातून झालेली. तिला बी धरत नाही, कांड्याच लावाव्या लागतात. हे बरेचसे वाण अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने काढले. टिफवे १९६० चे, टिफड्वार्फ १९६५ चे. याच बर्टनने बाजरीवरही काम केले होते. त्याने शोधलेली बाजरीची एक नरवंध्य जात भारतात आली आणि तिच्यापासून लुधियानाला दिलबागसिंग अटवाल यांनी १९६५ मध्ये संकरित बाजरीचे पहिले वाण तयार केले. पुढे केवडा रोगाने ते मागे पडले खरे, पण संकरित बाजरीचा रस्ता त्याने उघडला. म्हणजे श्रीमंतांच्या पायाखालचे गवत आणि धुळे-जळगावच्या तव्यावरची भाकरी ही एकाच माणसाच्या टेबलावरून निघालेली. हे मी मायला सांगितले तेव्हा तिला बाजरीचे कौतुक वाटले. गवताबद्दल तिने निराळेच विचारले.

“कोन खाते ते गवत?”

“कोनी नाही खात, माय. कापून टाकतात.”

“मंग त्याले पानी कायले पाजतात?”

बोदवडच्या बाईने विचारलेला हा प्रश्न होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. आमचे गाव भुसावळ–नागपूर लोहमार्गावरचे. बाजारपेठ मोठी, कापूस-धान्याची उलाढाल मोठी, आता तालुक्याचे ठिकाण. पण पाण्याच्या बाबतीत दैवाने हात आखडलेला. ब्रिटिश साहाय्याने झालेली आणि गावात ‘ओडीए’ याच नावाने ओळखली जाणारी नळयोजना आली. तरी उन्हाळ्यात पंधरा-पंधरा दिवस नळाकडे डोळे लावून बसण्याचा अनुभव घराघरांत आहे. आमच्या घरी पिण्याच्या पाण्याच्या हंड्यांवर माय खडूने तारीख लिहून ठेवी.

मी त्या रात्री वही काढून हिशेब मांडला. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. कडक उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर धरले आणि पाणी द्यावयाचे क्षेत्र तीस हेक्टर धरले तर पंधरा लाख लिटर. रोज. जलजीवन मिशनने २०१९ नंतर ग्रामीण माणसाला दिवसाला पंचावन्न लिटर हे प्रमाण धरले आहे. त्या मापाने हे पाणी सत्तावीस हजार माणसांचे होते. तेव्हाचे प्रमाण चाळीस लिटरचे होते, म्हणून माझ्या जुन्या वहीत साडेसदतीस हजार असा आकडा आहे. मायला मी हा आकडा सांगितला. ती काही बोलली नाही. कंदिलाची काच पुसत राहिली.

जगातही त्या सुमारास असेच प्रश्न विचारले जात होते. १९९३ च्या एप्रिल महिन्यात काही आशियाई देशांतील कार्यकर्त्यांनी गोल्फविरोधी जागतिक चळवळ सुरू केली. पाणी, कीटकनाशके आणि शेतकऱ्यांची जमीन हे तिचे मुद्दे. पुढे आपल्या सीमेवरच, तेरेखोल येथे, तेच घडले. किल्ल्यात संत आंतोनीचे चर्च, भोवती काजूच्या बागा, आणि खालच्या गावात प्रामुख्याने आपल्याच धर्माची कष्टकरी कुळे. तिथे गोल्फ मैदानासह मोठा प्रकल्प येऊ घातला तेव्हा ग्रामस्थ उभे राहिले. कुळहक्काचा आणि २०१५ मध्ये झाडतोडीचा वाद न्यायासनांपर्यंत, हरित लवादापर्यंत गेला. वर्तमानपत्रांत त्या बातम्या वाचताना मी कोणत्या बाजूचा, असे मला घरच्यांनी विचारले होते. मी म्हणालो, नकाशा काढणारा माणूसही कुठल्या तरी गावचा असतो.

माझ्या पुढ्यात हा प्रश्न सह्याद्रीच्या पायथ्याशी एका प्रकल्पावर आला होता. त्याचे नाव मी लिहीत नाही. जमीन देखणी, दोन टेकड्यांमधून एक नाला वाहत गेलेला, आणि खाली अर्ध्या कोसावर एक पाडा, ज्याच्या दोन विहिरी या नाल्यावर जगत. पहिल्या आराखड्यात बाराव्या भोकासमोर नाल्यावरच तलाव दाखवलेला होता. देखावा सुंदर दिसला असता, शिवाय सिंचनाची सोय. मी दिवाळीनंतर दर आठवड्याला नाल्याचा प्रवाह मोजला आणि आकडे साहेबांपुढे ठेवले. तलाव झाला तर डिसेंबरनंतर खाली थेंब जाणार नव्हता. साहेब परदेशी होते, दोन महिन्यांनी चार दिवस येत. ते पाड्यावर गेले, विहिरीच्या काठावर बराच वेळ उभे राहिले, पाणी शेंदणाऱ्या बायांना पाहत राहिले. परत आल्यावर त्यांनी तलाव नाल्यावरून काढून बाजूच्या कोरड्या खोलगट भागात नेला. त्यात फक्त पुराचे पाणी वळवायचे, नाला मोकळा. भोक बदलले, दोन फेअरवे फिरले. खोदाईचा खर्च वाढला.

वास्तुकाराच्या कारकिर्दीबद्दल जी पुस्तके आहेत त्यांत पुढचा भाग सहसा नसतो. वास्तुकाराला कागद मिळतो, जमीन मिळते, पण पाणी त्याचे नसते आणि पैसाही त्याचा नसतो. पुढच्या उन्हाळ्यात नवे वास्तुकार आले, जुना आराखडा पेटीत गेला आणि तलाव नाल्यावर बांधला गेला. मार्चमध्ये पाड्यावरच्या दोन्ही विहिरींनी तळ दाखवला. मग टँकर सुरू झाला, तोही प्रकल्पाच्या नावाची पाटी लावून! मी ते काम सोडले. जुन्या साहेबांना पत्राने कळवले. त्यांचे चार ओळींचे उत्तर आले आणि सोबत त्यांनी त्या बाराव्या भोकाचे मूळ रेखाटन पाठवले. ते माझ्याकडे आहे. माझ्या मते त्यांनी आखलेल्या साऱ्या मैदानांत ते भोक उत्तम होते, आणि ते कुणी कधी खेळणार नाही.

त्यानंतरची वर्षे तुलनेने सरळ गेली. शहरांजवळच्या मैदानांवर प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याचे संच बसवले. खारट पाण्यावर तग धरणारे पास्पालम नावाचे गवत आले. अनेक जाणते वास्तुकार पाणी द्यावयाचे क्षेत्रच कमी करू लागले. टी, फेअरवेचा मधला भाग आणि ग्रीन एवढेच हिरवे, बाकीचे माळरान माळरानासारखे पिवळे राहू द्यायचे. मालकांना हे पटायला वेळ लागतो, कारण दूरदर्शनवर अमेरिकेतील मैदाने पाचूसारखी दिसतात. मला स्वतःला मात्र एप्रिलमधले पिवळे गवत अधिक प्रामाणिक वाटते. २०२० मध्ये काम थांबले आणि मी बोदवडला परतलो. माय त्यापूर्वीच गेली होती.

माझी पुतणी पुण्यात भूदृश्य वास्तुकला शिकते. आपल्याकडे गोल्फ मैदानांसाठी स्वतंत्र महाविद्यालय नसल्याने या वाटेने जाणाऱ्याला तेथूनच सुरुवात करावी लागते. मुलींना हे क्षेत्र नवे नाही, हे मी तिच्या वडिलांना सांगितले. ॲलिस डाय या बाई पतीच्या बरोबरीने मैदाने आखत. फ्लोरिडातील पाण्याने वेढलेली ती प्रसिद्ध ग्रीन त्यांनीच सुचवलेली, आणि १९९७ मध्ये त्या अमेरिकेतील गोल्फ वास्तुकारांच्या संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. माझ्या भावाचे समाधान यावर झाले की नाही कोण जाणे. त्याने पगार विचारला. मी खरे ते सांगितले, की काम असेल त्या वर्षी चांगला आणि नसेल त्या वर्षी शून्य.

गेल्या महिन्यात तिने अभ्यासासाठी केलेला एक आराखडा मला पाठवला. आता ड्रोनने मोजणी होते. जे काम आम्ही सहा गडी घेऊन महिनाभर करीत असू ते तिने संगणकावर एका आठवड्यात केले आहे. पाणी द्यावयाचे क्षेत्र तिने अठरा हेक्टरांवर आणले आहे. मी जुन्या सवयीने वही काढून गुणाकार केला. दिवसाला नऊ लाख लिटर, तेही सांडपाण्याचे. रेषा स्वच्छ आहेत, सातव्या भोकाचे वळण तर फारच सुंदर. पूर्वेच्या कडेला मात्र एक निळी रेघ हद्दीपाशी येऊन संपते. मी तिथे लाल पेन्सिलीने फुली केली आणि लिहिले, “बाळ, हा नाला कुंपणाच्या पलीकडे कुणाच्या विहिरीला जातो, ते पाहून ये.” ती म्हणाली, “काका, परीक्षेनंतर जाते.”